सरफेस प्लेनरचं पातं बदललं, आता मशीन थरथरतंय आणि फळीच्या शेवटी खड्डा पडतोय

बेतोडा_वर्कशॉप:

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमचं छोटं वर्कशॉप आहे. बाबांचं होतं, आता त्यांना गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही म्हणून गेल्या दिवाळीपासून मी बघतो. मशीन बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं रंधा मशीन, वर फळी सपाट करायला १२ इंची सरफेस प्लेनर, खाली एकसारखी जाडी काढायला थिकनेस, पाती धरून फिरणारा कटर ब्लॉक गोल आणि तीन पात्यांचा, मोटर ३ एचपी थ्री फेज. आतापर्यंत पाती बाबाच बसवायचे, मी फक्त फळ्या ढकलल्यात.

चवथीच्या आधीची ऑर्डर आहे, पाट, चौरंग, दोन देव्हारे, आणि सोबत एका जुन्या घराच्या सागवानी चौकटी परत रंधून द्यायच्या होत्या. त्यातल्या एका चौकटीत डोकं तुटलेला खिळा राहिला होता, वर कोणी तरी पुट्टी भरून रंग मारलेला, दिसलाच नाही. पात्याला मोठा टवका पडला आणि प्रत्येक फळीवर दोरीसारखी उभी रेघ यायला लागली. तेव्हा मी टवका पडलेलं पातं काढून नवीन टाकलं, बाकीची दोन बरी दिसली म्हणून तशीच ठेवली. उंची डोळ्याने आणि बोटाने लावली.

आता तीन त्रास आहेत. मशीन चालू केलं की थरथरतंय, टेबलावर ठेवलेली पेन्सिल घरंगळत जाते. थिकनेसमधून निघालेल्या फळीवर बारीक लाटा, तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात. आणि वर सरफेसला फळीच्या शेवटच्या दोन इंचांत खड्डा, रोज. म्हटलं दुसरं पातंही काढून बघावं, तर मागच्या कोपऱ्यातला एक बोल्ट जाम, पान्याला पाईप लावून जोर दिला तरी हलत नाही.

अजून एक विचारायचंय. बाबांकडे पूर्वी असलेले एक मेस्त, म्हणजे सुतार, सांगायचे की पाती बदलायची तर लाईट गेलेली असताना बदलावी, मशीन चालू व्हायची भीतीच नाही. आमच्याकडे पावसात लाईट जातेच, मीही तसंच केलं. बरोबर आहे ना?

डिचोलीचा_मेस्त:

सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकीचं सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. नाही, बरोबर नाही. लाईट गेलेली असताना पाती बदलणं म्हणजे ज्याची चावी आपल्या हातात नाही अशा कुलपावर भरवसा ठेवणं. आणि हे वाचेपर्यंत मशीन चालू करू नकोस बाबा, ऑर्डर दोन दिवस थांबली तरी चालेल.

माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नाहीयेत. श्रावणातली दुपार होती, लाईट गेली, फळी अर्धी मशीनवर होती ती मागे ओढून घेतली आणि म्हटलं तेवढ्यात पाती बघून घेऊ. माझ्या मशीनला तेव्हा जुना फिरवायचा स्विच होता, लाईट गेली तरी तो होता तिथेच राहायचा, चालूवर. गार्ड वर केला, पाना बोल्टला लावला, आणि लाईट आली. मला आवाज आठवत नाही, पाना उडून छपराला लागला आणि मंगळुरी कौल फुटून खाली आलं ते आठवतं. नंतर माझ्याच डोक्यात आलं की हात कुठाय. शिकाऊ पोराने १०८ ला फोन केला, तुटलेली टोकं शोधली आणि थेट बर्फात टाकली. तेही चुकलंच, बांबोळीच्या इस्पितळात डॉक्टरांनी समजावलं की आधी स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची, मांसाला बर्फ थेट लागू द्यायचा नाही. हे कुणाला कधीच उपयोगी पडू नये, पण वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेव.

तेव्हापासून माझी पद्धत एकच. लाईट असो की नसो, मेन खाली, स्टार्टरचा प्लग काढला, आणि प्लग माझ्या खिशात. प्लग नसेल आणि जुने किटकॅट फ्यूज असतील तर मेन खाली करून तिन्ही फ्यूज काढायचे आणि तेही खिशात. मग स्टार्टरचं हिरवं बटण दाबून बघायचं, मशीन मेलेलंच आहे ना. त्यानंतरच गार्डला हात लावायचा.

आता बोल्टचं. पाईप लावलास ते वाचून पोटात गोळा आला. पाईप लावून जोर देताना पाना सटकला तर हात सरळ पात्यावर जातो, त्या कोपऱ्यात दुसरी जागाच नाही जायला. एक सांग, बाकीचे बोल्ट ज्या बाजूला उभं राहून सोडलेस त्याच बाजूने हा सोडत होतास की पलीकडून?

बेतोडा_वर्कशॉप:

काका, वाचून अंगावर काटा आला. मेन खाली केलंय, प्लग काढून घरात आणून ठेवलाय. आणि तुम्ही कसं ओळखलंत माहीत नाही, पण हो, मागच्या कोपऱ्यात फेन्स, फळी टेकवायची उभी पट्टी, आडवी येत होती म्हणून तो एक बोल्ट मी पलीकडून, मागच्या टेबलाच्या बाजूने सोडत होतो.

डिचोलीचा_मेस्त:

मग तो जाम नाहीये, तू तो आवळत होतास. या ब्लॉकमध्ये बोल्ट गिबमध्ये, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या पट्टीत, बसलेला असतो आणि त्याचं डोकं खाचेच्या भिंतीला टेकतं. बोल्ट गिबमध्ये आत शिरला की गिब मोकळी होते, बाहेर आला की भिंतीला रेटून पातं आवळतं. आपण आयुष्यभर आत गेलं की घट्ट असंच शिकलेलो असतो, इथे उलट आहे, आणि त्यात पलीकडून उभं राहिलं की डावं-उजवं परत बदलतं. फेन्स काढून ठेव, बाकीच्या बोल्टांना उभा होतास तिथेच ये, रॉकेल नाहीतर गंज सोडवायचं तेल आदल्या रात्री सोड, आणि साध्या पान्याने, पाईप न लावता, हळू. निघेल. पण तो बोल्ट परत वापरू नकोस, पाईपने ताणलेला बोल्ट आतून लांबतो, दिसत नाही. त्या मापाचा आणि त्याच ग्रेडचा नवीन घे, हार्डवेअरच्या दुकानातला डब्यातला साधा बोल्ट चालणार नाही.

मी दर खंडेनवमीला मशीन पूजेला मांडायच्या आधी सगळे बोल्ट काढून आटे बघतो, चकचकीत झालेले, कडा गोल झालेले असले तर सरळ बाद. वर्षातून एक दिवस जातो, जाऊदे.

वायरमन_मडगाव:

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनची पोरं शिकवतो, मेस्तकाकांच्या लिहिण्याला थोडं जोडतो. जुना फिरवायचा स्विच ज्यांच्या मशीनवर अजून आहे त्यांनी तो आजच्या आज बदला, लाल-हिरव्या बटणाचा डीओएल (डायरेक्ट ऑन लाईन) स्टार्टर घ्या. त्यात नो-व्होल्ट कॉइल असते, लाईट गेली की स्टार्टर आपसूक सुटतो आणि लाईट आली तरी कोणी हिरवं दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. मेस्तकाकांच्या मशीनला हा असता तर बोटं वाचली असती. पण स्टार्टर आहे म्हणून मेन न काढता पात्यांना हात लावायचा असा अर्थ कोणी काढू नका. आतले पॉइंट कधी कधी चिकटून बसतात, नाहीतर कोणी तरी नकळत हिरवं दाबतं, म्हणून मेन काढायचाच. सिंगल फेज मशीनवाल्यांनी इन्व्हर्टर आणि जनरेटरचाही विचार करा, आपोआप चेंजओव्हर असेल तर लाईट गेल्यावर काही सेकंदांत तीच लाईन परत जिवंत होते.

दुसरी गोष्ट थ्री फेजवाल्यांसाठी, ही फार कोणी सांगत नाही. पावसात झाड पडून लाईन तुटली आणि जोडली की दोन फेज अदलाबदल होऊन येऊ शकतात. तसं झालं की मोटर उलटी फिरते. रंधा मशीनचा ब्लॉक उलटा फिरला तर पातं कापत नाही, पाठीने घासतं आणि लाकूड तुमच्याकडे न ढकलता पुढे खेचून घेतं, सोबत हातही. म्हणून लाईनचं काम झाल्यावर, आणि पाती बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना, लाकूड न लावता एक सेकंद हिरवं दाबून लगेच लाल दाबायचं आणि ब्लॉक कुठल्या बाजूला फिरतोय ते बघायचं. वरून बघितलं तर पात्याने पुढच्या टेबलाकडे, म्हणजे तुमच्याकडे यायला पाहिजे.

आणि वेग किती असतो ते पोरांना मी फळ्यावर काढून दाखवतो. मोटर २८८० फेऱ्यांची, मोटरची पुली ५ इंच, ब्लॉकची ३ इंच, म्हणजे ब्लॉक मिनिटाला ४८०० फेऱ्या. ब्लॉकचा व्यास १०० मिमी धरला तर पात्याची धार ताशी ९० किलोमीटरच्या वर पळते. लाल बटण दाबल्यावरही ब्लॉक कितीतरी वेळ फिरत राहतो, आवाज थांबतो पण फिरणं थांबत नाही, आणि फिरणारा गोल ब्लॉक उभा असल्यासारखा दिसतो. थांबलाय की नाही ते हाताने कधी बघू नका, पट्टा आणि पुली बघा.

धार_म्हापसा:

माझं धार लावायचं दुकान आहे, प्लेनरची पाती, करवतीची पानं, सगळं येतं. थरथर कशाने येते ते मला तुमच्या एका वाक्यातून कळलं, तीनपैकी एक नवीन टाकलं. असं करायचं नसतं हो. पाती नेहमी सेटमध्ये बदलायची, सेटमध्ये धार लावायची, आणि तिन्हींचं वजन सारखं पाहिजे. घरात किचनचा डिजिटल काटा असेल तर ते नवीन पातं आणि एक जुनं, दोन्ही तोला आणि इथे लिहा. पातं हातात घेताना धारेला जाड कपडा किंवा खाच पाडलेली लाकडी रीप लावा. मशीन पूर्ण मेलेलं असताना पाती हाताळायला जाड हातमोजे बरे, पण मशीन चालू असताना हातमोजे मुळीच नको, कापड पात्यात गेलं की हात आत ओढला जातो.

बेतोडा_वर्कशॉप:

आज संध्याकाळी तिन्ही पाती काढली. मेस्तकाका म्हणाले तसंच झालं, अलीकडून उभं राहून साध्या पान्याने तो बोल्ट एका झटक्यात सुटला, विश्वास बसेना. आईच्या काट्यावर तोललं, नवीन पातं २१८ ग्रॅम, जुनी दोन १८५ आणि १८६. रुंदी मोजली तर नवीन ३० मिमी आणि जुनी २६. बाबा म्हणाले जुनी चार-पाच वेळा धारेला गेली होती.

धार_म्हापसा:

बघा, ३३ ग्रॅमचा फरक. हातात घेतलं तर कळतही नाही.

वायरमन_मडगाव:

मी हिशोब केला. जुनं पातं अरुंद असल्याने त्याचं वजन थोडं बाहेरच्या बाजूला बसतं, तेही धरलं, तरी १०० मिमीच्या ब्लॉकवर ४८०० फेऱ्यांना एका बाजूला वीस किलोच्या आसपास जादा ओढ पडते, आणि ती ओढ मिनिटाला ४८०० वेळा गोल फिरते. पेन्सिल घरंगळणारच. असंच महिनाभर चालवलं असतं तर बेअरिंग गेले असते.

धार_म्हापसा:

बरोबर. आता नवीनचा पूर्ण सेट घ्या, १२ इंची, ३० रुंद, ३ जाड, एचएसएस म्हणजे हाय स्पीड स्टीलची. जुनी दोन फेकू नका, टवका पडलेलं तिसरं माझ्याकडे किंवा जवळ कुठेही द्या, तिन्ही एकत्र घासून एका मापाची, एका वजनाची करून देता येतात. धार लावताना पातं निळं पडलं तर घेऊ नका, गरम होऊन कडकपणा गेलेला असतो, दोन दिवसांत बोथट होईल. कोन सगळ्यांचा सारखा मागून घ्या, आमच्याकडे ३८-४० अंश ठेवतो. एक लक्षात ठेवा, घासून घासून पातं इतकं अरुंद झालं की गिबच्या खाली पकडायला पुरेसं राहत नाही, तर ते बादच, मग ते कितीही धारदार असो. सुटलेलं पातं गार्डबिर्ड काही बघत नाही.

आणि जुन्या घरांच्या चौकटींसाठी मी सगळ्यांना सांगतो, एक जुना सेट वेगळा ठेवा. मत्तीलाही, म्हणजे ऐनाच्या लाकडालाही, तोच लावा, त्यात खनिजांचा कण असतो, सागवानात आठवडा टिकणारी धार मत्तीत दोन दिवसांत जाते. जुन्या लाकडावर हातातला मेटल डिटेक्टर फिरवून घ्या, छोटा मिळतो. नुसतं चुंबक फिरवून पितळी स्क्रू कळत नाही.

पेडणें_पाट_चौरंग:

उंची लावायचं मी सांगते, मी वर्कशॉप एकटी सांभाळते आणि माझ्याकडे डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक, वगैरे काही नाही, एक सागवानी काठी आहे. तुमचा खड्डा आणि लाटा दोन्ही उंचीचेच आहेत.

आधी खाचा साफ करा. पितळी ब्रश आणि थोडं रॉकेल, चीक आणि भुसा निघून लोखंड दिसेपर्यंत, मग कोरड्या कपड्याने पूर्ण पुसा. गिबला, पात्याला, खाचेला तेल लावून बसवायचं नाही, पकड सुटते. गंज नको म्हणून तेलाचा हात द्यायचा तो सगळं आवळून झाल्यावर, आणि तोही वरून, पुसून. पात्याखाली कागदाचा तुकडा घालून उंची आणायची सवय काहींना असते, ती सोडा.

तुम्ही तिन्ही पाती एकदम काढलीत, साफसफाईसाठी ठीक आहे, पण पुढच्या वेळी एक काढायचं, त्याच्या जागी एक बसवून हलकं आवळायचं, मग दुसरं. बाकीची दोन आवळलेली असली की ब्लॉकवरचा ताण सारखा राहतो. आणि ब्लॉक फिरू नये म्हणून तो आणि टेबलाच्या मध्ये मऊ लाकडाची पाचर ठोका, हाताने ब्लॉक धरून दुसऱ्या हाताने पाना मारणं म्हणजे बोटं पात्यावर ठेवणंच.

आता काठी. फूटभर लांब, एका बाजूला अगदी सरळ रंधलेली. ती मागच्या टेबलावर, म्हणजे रंधलेली फळी जिकडे जाते त्या टेबलावर ठेवायची, टोक ब्लॉकच्या वरून पुढच्या टेबलाकडे येऊ द्यायचं. टेबलाच्या कडेशी काठीवर पेन्सिलची एक रेघ मारायची. मग पुलीला धरून, पात्याला नाही, पुलीला धरून ब्लॉक हळू कापायच्या दिशेने फिरवायचा. पातं वर आलं की काठीला हलकेच उचलतं आणि सोबत ओढतं, मग सोडून खाली जातं. काठी जिथे थांबली तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर ३ ते ४ मिमी आलं की झालं. मग काठी पात्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन तेच, मग मध्ये. तिन्ही ठिकाणी, तिन्ही पात्यांना, तेवढंच अंतर यायला पाहिजे. एकीकडे २ आणि दुसरीकडे ६ आलं तर पातं वर-खाली करणारा खालचा जॅक स्क्रू त्या टोकाला थोडा फिरवायचा, पाव फेरासुद्धा खूप होतो. पातं ब्लॉकच्या बाहेर साधारण १ मिमी दिसतं, त्यापेक्षा जास्त बाहेर काढायचं नाही.

आवळताना आधी सगळे बोल्ट बोटाने लागतील इतके, मग मधला, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे, मग टोकांचे, दोन-तीन फेऱ्यांत थोडं थोडं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदम कचकून आवळत गेलं तर पातं मध्ये फुगतं. आणि आवळताना पातं केसभर वर सरकतं, प्रत्येक मशीनवर, म्हणून पूर्ण आवळून झाल्यावर काठीने परत बघा. माझ्याकडे दर वेळी दोन-तीनदा परत करावं लागतं, त्यात काही चुकत नाही.

तुमचा खड्डा असा पडतोय. नवीन पातं बाकीच्या दोघांपेक्षा वर आहे आणि मागचं टेबल जुन्या पात्यांच्या उंचीला आहे. फळीचं शेपूट पुढचं टेबल सोडतं तेव्हा फळी मागच्या टेबलावर खाली बसते आणि उंच पातं जास्त खातं. उलट, मागचं टेबल पात्यापेक्षा वर असलं तर फळीचं तोंड टेबलाच्या ओठाला अडकतं किंवा फळी एका टोकाला जाड राहते. आणि लाटा कशाने, तर तीन पात्यांपैकी कापतंय एकच. थिकनेसला फळी मिनिटाला ६ मीटर जाते असं धरलं तर तीन पाती मिळून दर ०.४ मिमीला एक कट पडतो, डोळ्याला दिसत नाही. एकच कापलं तर सव्वा मिमीला एक, तो तिरप्या उजेडात लाटेसारखा दिसतो.

वायरमन_मडगाव:

ताई, काठीचं मान्य, पण चुंबकाचं जिग आता फार महाग राहिलेलं नाही, पात्याला वरून धरून ठेवतं आणि तिन्ही पाती एकाच उंचीला येतात. किंवा स्टँडवर डायल गेज, ०.०१ मिमीपर्यंत दिसतं.

पेडणें_पाट_चौरंग:

ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर वापरावं. फक्त चुंबक मागच्या टेबलाला टेकतं, टेबल आणि ब्लॉक एकमेकांना समांतर नसतील तर ते सुंदर चुकीचं बसवतं. म्हणून शेवटची काठी मी सोडत नाही.

डिचोलीचा_मेस्त:

ताईंनी लिहिलंय त्यात मला एक शब्दही बदलायचा नाही, मी तीस वर्षं असंच करतो. फक्त चालू करायच्या आधीचं राहिलं. पाचर काढ, पाना काढ, दोन्ही टेबलावर समोर ठेव म्हणजे आत राहिलं नाही हे डोळ्याने दिसेल. पुलीने ब्लॉक तीन पूर्ण फेरे फिरव, टेबलाच्या ओठाला कुठे लागत नाही ना ते कानाने ऐक. गार्ड लाव. मग खिशातला प्लग. मशीनच्या बाजूला उभा राहा, समोर आणि मागे कोणी नको. वायरमन म्हणतात तसं एक सेकंद चालू-बंद, दिशा बघ. मग पाच मिनिटं मोकळं चालव, बंद कर, परत मेन काढ आणि प्लग परत खिशात घालून सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपास. पहिल्या तासात एखादा थोडा बसतो.

आणि फळीसाठी लाकडी ढकलणी करून घे, आजच, फूटभरापेक्षा छोटा तुकडा सरफेसवर लावूच नकोस. पाट-चौरंगाचे छोटे तुकडे लांब फळीत असताना रंधायचे आणि नंतर कापायचे, आधी कापून नंतर रंधायचे नाहीत. चवथीच्या गडबडीत नेमकं हेच उलटं होतं.

बेतोडा_वर्कशॉप:

सगळ्यांचे आभार. नवीन सेट आणला, तोललं तर २१८, २१८, २१७. नवीन बोल्ट मिळाला. बाबांना खुर्ची आणून मशीनजवळ बसवलं, त्यांनी काठी बघितली आणि म्हणाले आजोबा असंच करायचे, मला ते कधी सांगितलंच नव्हतं त्यांनी. प्लग बाबांच्या मांडीवर होता पूर्ण वेळ.

काठीला पहिल्यांदा २, ५ आणि ३ आलं, चौथ्या वेळी तिन्ही पात्यांना दोन्ही टोकांना साडेतीन. मग आवळल्यावर एका पात्याला परत ५, परत सोडून केलं. दिशा बरोबर आहे. थरथर गेली, पेन्सिल जागेवर उभी राहते. थिकनेसच्या लाटा नाहीत. सरफेसला शेवटी अजून अगदी बारीक खड्डा आहे, नखाला लागतो, डोळ्याला नाही. पाती आता चौथ्यांदा काढू की काय करू?

पेडणें_पाट_चौरंग:

पाती नका काढू. काठी साडेतीन येते म्हणजे पाती एकसारखी आहेत, आता फक्त मागचं टेबल केसभर खाली आहे. मेन काढून टेबल अगदी थोडं वर घ्या, झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी असतो त्यापेक्षाही कमी, लॉक करा, एक फळी रंधून बघा. खड्डा गेला की तिथे टेबलाच्या पट्टीवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

बेतोडा_वर्कशॉप:

दुसऱ्या प्रयत्नात गेला. फणसाची चार फुटी फळी, शेवटपर्यंत नख फिरवलं, काही लागत नाही. खूण केली. स्टार्टर आपला नो-व्होल्टवालाच आहे का ते मोटर मोकळी चालू ठेवून मेन खाली-वर करून बघितलं, सुटतो, परत आपोआप चालू होत नाही. देव बरें करूं.